मणि कौल : शब्द आणि दृश्य

आधुनिक हिंदी साहित्याशी मणि कौल (१९४४–२०११) यांच्याइतक्या निष्ठेने नाते राखणारा चित्रपट-दिग्दर्शक विरळा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ते ऋत्विक घटक यांचे विद्यार्थी. परंतु गुरूच्या भावोत्कट नाट्याचा त्यांच्या कृतींत मागमूसही नाही. मोहन राकेश यांच्या कथेवरील ‘उसकी रोटी’त (१९६९) बालो आपल्या बसचालक पतीसाठी शिदोरी घेऊन रस्त्यावर उभी असते, घडते ते जवळजवळ एवढेच. तिच्या प्रतीक्षेचा काळ प्रेक्षकानेही सोसावा, हा दिग्दर्शकाचा आग्रह अनेकांना असह्य झाला, आणि दोष सर्वस्वी प्रेक्षकांचाच होता असे म्हणता येत नाही. विजयदान देथा यांच्या कथेवरील ‘दुविधा’त (१९७३) मात्र हीच रीत फळास आली. पतीचे रूप घेतलेल्या भुताला नववधू जाणूनबुजून स्वीकारते; निवेदन व स्थिरचित्रे यांमुळे लोककथेचा अलिप्त स्वर कोठेही ढळत नाही. ‘सतह से उठता आदमी’त (१९८०) तर मातृभाषा मराठी असलेल्या मुक्तिबोधांचे हिंदी शब्द संवादात विरघळवून न टाकता, वाङ्मय म्हणूनच उच्चारले जातात. झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे ध्रुपद शिकलेल्या कौलांना आलापीतील स्वराप्रमाणे शब्दालाही स्वतःचा अवकाश द्यावासा वाटला, यात नवल नाही.