माझी विहीर, शेजाऱ्याचं पाणी

'माझ्या रानात मी विहीर खणीन, बोअर घेईन, नाहीतर रान पडीक ठेवीन. सरकारला त्याचं काय?' हा सवाल आपल्याकडे कोणत्याही पारावर ऐकू येतो, आणि तो काही गैरवाजवी नाही. ज्याने कर्ज काढून विहीर बांधली, त्याला आपल्या मर्जीप्रमाणे वागायला मिळावं, असंच कोणीही म्हणेल. पण वाचकहो, जमिनीच्या वर सोपा वाटणारा हा सवाल जमिनीखाली तितका सोपा राहत नाही.

दौंड तालुक्यातलं भांडगाव घ्या. पुणे-सोलापूर रस्त्यावर यवतच्या पुढे हे गाव लागतं. या तालुक्यात भीमेच्या काठी आणि पाटाच्या पाण्यावर ऊस उभा असतो. दक्षिणेला, पुरंदरच्या अंगाला, पाऊस कमी आणि माळ फार. जिथे पाट पोहोचत नाही, तिथे सारी भिस्त विहिरीवर.

या विहिरीत पाणी येतं कुठून? आपला काळा पाषाण मोठा घट्ट. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. या भेगा बांध ओळखत नाहीत, की सातबारा वाचत नाहीत. एकाने दोनशे फूट बोअर घेतलं, की शेजारच्या चाळीस फुटी विहिरीचा तळ उघडा पडू शकतो. मग शेजारी तीनशे फूट जातो. ज्याच्याजवळ पैसा, तो खोल जातो. ज्याच्याजवळ नाही, तो आकाशाकडे पाहतो. दोघांनाही स्वातंत्र्य सारखंच होतं म्हणता? कागदावर होतं खरं.

१८८२ च्या वहिवाटीच्या हक्कांच्या कायद्याने, आपल्या जमिनीखालचं पाणी आपल्या हद्दीत काढून घेण्याचा मालकाचा हक्क मान्य केला. तो काळ मोटेचा. माणूस नि बैल थकले, की उपसा आपोआप थांबे. विजेचा पंप थकत नाही. हक्क जुनाच राहिला, हात मात्र लांब झाले.

जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाने १८५९ मध्ये मांडलं, की दुसऱ्याचं नुकसान टाळण्यापुरताच समाजाने माणसाच्या स्वातंत्र्यात हात घालावा. आपल्या आगरकरांच्या विचारांवर या मिलची मोठी छाप होती. विहिरीला ही कसोटी लावा. नुकसान खरं आहे, फक्त ते जमिनीखाली होतं म्हणून दिसत नाही. तेव्हा इथे नियम हवा, हे मिललाही कबूल करावं लागलं असतं.

महाराष्ट्राने तो केलाही. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरांच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेण्यास बंदी घातली. त्यानंतरचा २००९ चा भूजल कायदा २०१४ मध्ये अमलात आला. त्याने अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी वा उद्योगासाठी ६० मीटरांहून खोल विहिरींना मनाई केली.

पण नियम झाला म्हणजे न्याय झाला, असं समजू नका. नव्या बोअरवरच बंदी आली, तर ज्याने काल बोअर घेतलं तो सुटला, आणि ज्याची ऐपत आज झाली तो अडकला! शिवाय जमिनीखालच्या उपशावर पहारा कोण ठेवणार? कचेरीतला साहेब शिवारात रोज येऊ शकत नाही. परवानगी साहेबाच्या मर्जीवर गेली, की ती ओळखीवर जायला वेळ लागत नाही. आणि मग 'सरकारला त्याचं काय?' हा सवाल दुप्पट जोराने ऐकू येतो.

यातून वाट काढणारी माणसं दूर नाहीत. दौंडला लागूनच पुरंदर तालुका. तिथे नायगावला १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचं काम उभं केलं. पाणी जमिनीच्या प्रमाणात वाटायचं नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात वाटायचं. माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतकं. भूमिहीनालाही वाटा; ऊस मात्र नाही. नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधल्या, हिवरे बाजारनेही शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही असं ठरवलं, आणि पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं घ्यायला सुरुवात केली. बंधन इथेही आहे, आणि सरकारी कायद्यापेक्षा कडकच आहे. पण ज्याच्यावर बंधन, तोच ते ठरवायला बसला होता.

म्हणून कोणताही नियम पुढे आला, की तीन प्रश्न विचारावेत. तो कुणाचं नुकसान टाळतो? तो धनवंताला आणि गरिबाला सारखाच लागतो का? आणि तो करताना आम्हाला विचारलं होतं का? पहिल्याचं उत्तर मिळालं नाही, तर तो नियम म्हणजे नुसती अडवणूक. उरलेल्या दोहोंचं मिळालं नाही, तर तो पाळला जाणार नाही. आणि तिन्हींची मिळाली, तर मात्र 'माझं रान, माझी मर्जी' हे म्हणणं आपणच सोडायला हवं. कारण आपल्या विहिरीतलं निम्मं पाणी शेजाऱ्याच्या रानाखालून आलेलं असतं, आणि त्याच्या विहिरीतलं आपल्या.