केस का दुखतात?



आजचा विषय टकलाचा आहे हे कळल्यापासून पुष्कळांनी मला हसून विचारले, की ह्यावर तासभर बोलण्यासारखे आहे तरी काय? टक्कल हा आपल्याकडे विनोदाचा विषय, रोगाचा नव्हे. आणि ते बहुतांशी मलाही मान्य आहे. पण ज्याचे केस विरळ होत चालले आहेत, आणि त्याच जागी फणी लागली की दुखते, उशीवर डोके टेकले की हुळहुळते, कोणी डोक्यावर मिरे वाटीत असावे तशी आग होते, त्या माणसाला हसू येत नाही. तो बहुधा दोहोंपैकी एक चूक करतो. ‘टक्कल पडायचे म्हणजे असे व्हायचेच’ असे म्हणून गप्प बसतो, नाही तर जो जे सांगेल ते तेल चोळीत सुटतो. आजचे बोलणे त्याच्यासाठी आहे.

आपण सहज म्हणून जातो, ‘केस दुखतात’. वास्तविक केसाला दुखण्याची सोयच नाही. असती तर न्हाव्यापुढे कोणी स्वस्थ बसले नसते. कातडीच्या वर दिसतो तो केस निर्जीव. पण ज्या सूक्ष्म पिशवीतून तो उगवतो, त्या केशमुळाभोवती मज्जातंतूंचे बारीक जाळे गुंडाळलेले असते. केस हा जणू तरफेचा दांडा; वरचे टोक किंचित हलले की खाली तंतूंना वर्दी जाते. हातावर मुंगी चढली तर न पाहता कळते ते ह्यामुळेच. तेव्हा दुखते ते केस नव्हे, त्याचे मूळ आणि त्याच्या भोवतीची त्वचा.

टक्कल कसे पडते ते आता थोडक्यात सांगतो. आपल्या डोक्यावर सुमारे १ लाख केस असतात. प्रत्येक केस २ ते ६ वर्षे वाढतो, मग सुमारे ३ महिने विसावतो, गळतो, आणि त्याच मुळातून नवा येतो. रोज ५० ते १०० केस गळणे हा नेहमीच्या हिशेबातलाच खर्च. १९४२ साली जेम्स हॅमिल्टन ह्या अमेरिकन संशोधकाने दाखवून दिले, की वयात येण्यापूर्वीच ज्यांचे वृषण निकामी झाले अशा पुरुषांना टक्कल पडत नाही. पण त्यांना पुरुषी अंतःस्राव टोचला, तर ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचे केस विरळ होऊ लागतात. ह्या स्रावापासून शरीरात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन नावाचे द्रव्य तयार होते. कपाळाकडची आणि माथ्यावरची काही केशमुळे आनुवंशिकतेने त्याला हळवी असतात. ती आखडत जातात आणि दर खेपेस येणारा केस आधीच्याहून बारीक व आखूड निघतो. पुढे १९५९ साली न्यूयॉर्कच्या नॉर्मन ऑरेंट्राइक ह्यांनी प्रसिद्ध केले, की मागच्या बाजूची केसांसकट कातडी टकलाच्या जागी लावली असता ते केस तेथे वाढत राहतात. म्हणजे जमीन नापीक नव्हती, पाणीही कमी नव्हते. दोष बियाण्यात होता. डोक्याला रक्त मिळावे म्हणून शीर्षासन करणाऱ्यांनी ते खुशाल करावे, केसांची आशा मात्र धरू नये.

ह्या सगळ्या हकिगतीत वेदना कोठे आली? कोठेच नाही. टक्कल मुकाट्याने येते. म्हणून डोके दुखू, पोळू लागले तर त्याच्याबरोबर आणखी कोणी पाहुणा आला आहे काय, हे पाहावयास हवे.

कधी हा पाहुणा अगदी सौम्य असतो. १९९३ साली डेव्हिड व्हायटिंग ह्यांनी टक्कल पडणाऱ्या पुरुषांच्या त्वचेचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा सुमारे एक तृतीयांश जणांच्या केशमुळांभोवती बऱ्यापैकी दाह आढळला. टक्कल नसलेल्यांत तो दहांत जेमतेम एकाला होता. हा दाह टकलाचे कारण की परिणाम, ह्यावर पंडितांत अजून एकमत नाही. मौज अशी की असा दाह असलेल्या सर्वांनाच दुखते असे नाही, आणि ज्यांना दुखते त्या सर्वांच्या त्वचेत दाह सापडतोच असेही नाही. त्वचा वरून निरोगी, तरी हात लावू देत नाही! ह्या दुखण्याला इटलीतील आल्फ्रेडो रेबोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली ‘ट्रायकोडायनिया’ असे नाव दिले. काळजी आणि खिन्नता ह्यांच्याशी त्याचा संबंध पुष्कळदा दिसतो. म्हणून ते ‘मनाचे खेळ’ ठरवून रोग्याला घरी पाठविणे मला पटत नाही. तंतू खरे आहेत, वेदना खरी आहे. अशा माणसाला ‘ह्यामुळे तुझे केस अधिक जाणार नाहीत’ एवढे नीट समजावून सांगितले तरी निम्मे काम होते.

सर्वांत अधिक आढळणारा पाहुणा म्हणजे कोंडा, आणि त्याचा थोरला भाऊ, चिकट पिवळट खपल्यांचा दाह. आपल्या सर्वांच्याच डोक्यावर मॅलॅसेझिया नावाची एक बुरशी सुखाने नांदत असते. स्निग्ध पदार्थ हे तिचे अन्न. डोके खाजते, लाल होते, आणि आपण काय करतो? ‘डोक्यात उष्णता झाली’ म्हणून तेलाची वाटी रिकामी करतो! पाहुण्याला पंगतीला बसविण्यासारखेच हे झाले. येथे तेल बंद करून कीटोकोनॅझोलयुक्त शांपू डोक्याला ३ ते ५ मिनिटे लावून ठेवावा व मग धुवावा. आठवड्यातून दोनदा याप्रमाणे काही आठवडे केले की बहुतेकांना उतार पडतो. केस वाढविण्याचे मिनॉक्सिडिलचे थेंब सुरू केल्यापासून आग होत असेल, तर त्यात मिसळलेला प्रॉपिलीन ग्लायकॉल हा द्रव कित्येकांना सोसत नाही हे ध्यानात घ्यावे. काळ्या कलपातील पॅराफेनिलीनडायमीन तर ह्या बाबतीत कुप्रसिद्धच आहे.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला तिकडे वळतो. काही रोगांत दाह केशमुळालाच खाऊन टाकतो आणि त्या जागी व्रण उरतो. साध्या टकलात केशमूळ लहान होते पण असते. येथे ते नाहीसे होते, आणि गेलेले केस कोणत्याही औषधाने परत येत नाहीत. ओळख अवघड नाही. दोन आरसे घेऊन उजेडात बसावे, किंवा घरच्या माणसाला भिंग देऊन पाहावयास सांगावे. विरळ जागी कातडीची बारीक छिद्रे दिसतात काय? कातडी गुळगुळीत, चकचकीत, छिद्रहीन झाली असेल; केसांच्या बुडाशी लाली व खवले असतील; पुवाच्या फोडी येऊन एकाच छिद्रातून कुंचल्यासारखे पाचसात केस निघत असतील, तर आठवडे घालवू नयेत. त्वचारोगतज्ज्ञ मुगाएवढा तुकडा काढून तपासतो, आणि उरलेले केस वाचविण्याचे उपचार निघतात. वस्तरा फिरवून ‘दाट केस येतील’ म्हणणाऱ्याकडे अशा वेळी मुळीच जाऊ नये.

आणखी एक दुखणे केसांचे नाहीच, पण केसांवर ढकलले जाते. १८९० साली लंडनच्या जोनाथन हचिन्सन ह्यांनी एका वृद्ध गृहस्थाची हकिगत लिहिली. त्याच्या डोक्यावर लाल रेघा उमटल्या होत्या आणि त्या इतक्या दुखत, की त्याला टोपी घालता येईना. त्या रेघा म्हणजे सुजलेल्या रोहिणी होत्या. हा रोग पन्नाशीनंतरचा. आपल्याकडे युरोपच्या मानाने विरळ, पण होतो. फणी लागली की कानशील दुखणे, घास चावताना जबडा दुखून थांबावे लागणे, आणि मग एखाद्या दिवशी एका डोळ्यापुढे पडदा. ही दृष्टी बहुधा परत येत नाही. त्याच दिवशी स्टेरॉइड सुरू झाले तर दुसरा डोळा वाचतो, आणि जबडा दुखू लागला तेव्हाच कोणी ओळखले तर दोन्ही.

व्याख्यान संपता संपता एका श्रोत्याची चिठ्ठी आली: ‘टोपीने टक्कल पडते काय?’ नाही. उन्हात हिंडणाऱ्या टकलाला टोपी हवीच, नाही तर कातडी भाजून तेही दुखणे व्हायचे. फक्त ती घट्ट नसावी, आणि महिनोन्महिने न धुतलेली तर नसावीच नसावी.