गळक्या एअरब्रशचे निदान

विमानाची १:७२ प्रमाणातील प्रतिकृती आठवडेभर खपून जुळवावी आणि रंगाचा अखेरचा हात देताना एअरब्रशच्या टोकावरून टपोरा थेंब नेमका पंखावर पडावा, हा अनुभव या छंदात नवा नाही. अशा वेळी बहुतेकांचा हात पान्याकडे जातो आणि तिथेच घात होतो. नोझलचे छिद्र असते जेमतेम ०.२ ते ०.३ मिलिमीटरचे, जरा अधिक आवळले, की ते चिरते किंवा त्याचे आटे तुटतात.

गळती कोठून होते, हे आधी पाहावे. चाप सोडल्यावरही टोकाशी रंग झिरपत असेल, तर सुई नोझलमध्ये घट्ट बसलेली नाही. बहुधा आत वाळलेल्या रंगाची पुटे असतात. कधी सुईचे टोकच वाकलेले असते. सुई सपाट काचेवर अलगद फिरवली, की हा वाक डोळ्यांना दिसतो. वाटीतल्या रंगात बुडबुडे येत असतील, तर नोझलच्या बैठकीतून हवा मागे शिरते आहे, असे समजावे. चापाखालून रंग पाझरला, तर सुईभोवतीचे पॅकिंग झिजलेले असते. चाप न दाबताही हवा सुटत असेल, तर दोष हवेच्या व्हॉल्व्हचा; रंगाशी त्याचा संबंध नाही. सांध्यांवर साबणाचे पाणी लावले, की हवेची गळती फेसातून कळते.

सफाईसाठी अख्खा एअरब्रश रात्रभर थिनरमध्ये बुडवून ठेवण्याची सवय मात्र महागात पडते. टेफ्लॉनचे पॅकिंग थिनरला दाद देत नाही. रबरी कडी मात्र फुगते. चिरलेले नोझल तर बदलावेच लागते.