नमुना-विमानाची पोलादी तार

घरी बाल्सा लाकडाच्या पट्ट्या कापून नमुना-विमान बांधणारा हौशी कारागीर पंखांच्या वक्रतेविषयी जितका विचार करतो, त्याच्या निम्मासुद्धा विचार पंखांच्या झडपा आणि शेपटीचे सुकाणू हलवणाऱ्या तारेविषयी करीत नाही. आणि वस्तुतः जमिनीवरून सुटलेला हुकूम सर्व्हो मोटरीपर्यंत बिनचूक पोहोचला, तरी त्याची तामिली अखेर होते ती या वीत-दीड वीत तारेच्या भरवशावरच. तार वाकते अशी तक्रार झाली की अधिक उंची पोलाद आणण्याची तजवीज सुरू होते. पुष्कळदा हा खर्च व्यर्थ जातो.

याचे कारण असे की, भाराखाली तार किती लवावी हे ठरवणारा यंगचा गुणांक पोलादाच्या सर्व जातींत जवळजवळ सारखाच, म्हणजे २०० गिगापास्कलच्या आसपास असतो. बांधकामावर सळया आवळण्याची मऊ तार आणि पियानोची महागडी तार यांच्यात त्या बाबतीत भेद नाही. ३० सेंटिमीटर लांब आणि दीड मिलिमीटर जाड तार दोन्ही टोकांना खिळीवर बसवून दाबली, तर लेओनार्ड ऑयलरच्या गणिताप्रमाणे ती सुमारे अर्धा किलो भारालाच धनुष्यासारखी बाहेर फुगते. नखाएवढ्या सर्व्हो मोटरीची भुजा याहून अधिक जोर सहज लावू शकते. म्हणजे पायलटाने सुकाणू वळवण्याचा हुकूम द्यावा, मोटरीने तो इमानेइतबारे पाळावा, आणि सुकाणू मात्र जागचे हलू नये, असा प्रकार घडतो. उपाय पोलाद बदलण्यात नाही. तारेला मधोमध एका नळीचा आधार द्यावा, की तीच तार चौपट भार सोसते. अथवा जाडी २ मिलिमीटर करावी, म्हणजे वजन पावणेदोनपट होते खरे, परंतु ताठरपणा तिपटीहून अधिक वाढतो.

मग पियानोची तार घ्यावीच कशाला? विमान गवतात नाक खुपसून उतरते तेव्हा तिचे मोल कळते. मऊ तार एकदा वाकली की वाकडीच राहते आणि सुकाणूचा मध्य कायमचा ढळतो. पियानोची तार त्याच धक्क्याने लवते आणि पुन्हा सरळ होते. तिच्यात कार्बन शेकडा ०.८ ते ०.९ च्या आसपास असतो. परंतु तिचे खरे सामर्थ्य घडणीत आहे: तापवलेली तार वितळलेल्या शिशात बुडवून तिच्या अंतरंगात लोह आणि लोहकार्बाइड यांचे अतिसूक्ष्म थर निर्माण करायचे आणि मग ती थंड अवस्थेतच एकाहून एक बारीक छिद्रांतून ओढायची. बर्मिंगहॅमच्या जेम्स हॉर्सफॉलने १८५४ मध्ये या उष्णोपचाराचे पेटंट घेतले होते. अशा तारेची ताणशक्ती मऊ तारेच्या चौपट-पाचपट भरते.

ही कमाई अग्नीला मात्र सोसत नाही. टोकाला पितळी झाळ देण्यासाठी तार लाल केली, की तेवढा भाग पुन्हा मऊ तारेच्या पंक्तीला जाऊन बसतो, आणि पुढील अपघातात नेमका तेथेच वाकतो. कथील-शिशाची झाळ १८३ अंशांना वितळू लागते, ती निर्धोक. काळी पडलेली तार आधी पॉलिशपेपरने घासून चकचकीत करावी, एरवी झाळ धरत नाही. कापतानाही साध्या पकडीशी झटापट करू नये, पकडीच्या धारेलाच खाच पडते. कानशीने तारेवर खोल घर पाडावे आणि फडक्यात गुंडाळून मोडावी, कारण सुटलेला तुकडा डोळ्याकडे येण्यास विलंब लावीत नाही. वळण देताना तारेच्या जाडीइतकी तरी गोलाई ठेवावी. काटकोनी टोकदार वळणात तडा दडलेला असतो.

पियानोची तार मिळालीच नाही, तर सायकलच्या दुकानातला २ मिलिमीटर जाडीचा आरा माझ्या मते सर्वांत सोयीचा. तोही थंड ओढलेल्या पोलादाचा असतो, आणि त्याच्या एका टोकावर दर इंचास ५६ आटे तयार पाडलेले असतात, त्यामुळे सुकाणूचा मध्य साधण्यासाठी लांबी अर्ध्या फेऱ्याने कमी-जास्त करण्याची मुभा राहते. स्टेनलेसचा आरा गंजत नाही, पण साध्या रोझिनने त्यावर झाळ बसत नाही. तेथे आट्यांवरच भिस्त ठेवावी.