माळेंतील जंतूंची पारख

घरांतील मुलाचा घसा सुजून ताप भरला, म्हणजे आपण मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगून दोन दिवस वाट पाहतों. बहुधा तेवढ्यानें भागतें. परंतु कांहीं घशांत ‘स्ट्रेप्टोकॉकस’ जंतु ठाण मांडून बसलेला असतो. त्याची हयगय झाली, तर मागाहून सांधे धरणारा ऱ्हुमॅटिक ज्वर येऊन मुलाच्या हृदयाच्या झडपा जन्माच्या अधू होण्याचें भय असतें.

सूक्ष्मदर्शकांतून पाहावें, तों या जातीचे सारे जंतु मण्यांच्या माळेसारखे. बिलरोथ या शस्त्रवैद्यानें 1874 सालीं त्यांस नांव दिलें तें यावरूनच. पण साव कोण नि चोर कोण, हें रूपावरून कळावें कसें? 1903 सालीं शॉटम्यूलर यानें रक्त मिसळलेल्या ‘अगर’च्या थरावर ते वाढवून पाहिले. घशाच्या घातक जंतूभोंवतीं रक्तपेशी विरघळून स्वच्छ वलय पडलें. दुसऱ्या कांहींभोंवतीं हिरवट छटा आली. हिरवट म्हणजे निरुपद्रवी, असें मात्र वाचकांनीं समजूं नये. न्यूमोनियाचा जंतुही त्यांतलाच!

पुढें 1933 सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत रिबेका लान्सफील्ड या विदुषीनें जंतूंच्या अंगांतील विशिष्ट द्रव्यांवरून त्यांचे गट पाडले. आमच्या मतें या विषयांतील सर्वांत सुंदर काम तें हेंच. घशाचा जंतु ‘ए’ गटांत गेला, आंतड्यांत राहणारा एंटरोकॉकस ‘डी’ गटांत.

हा एंटरोकॉकस मोठा चिवट. पित्तांत तो वाढतो, आणि शेंकडा साडेसहा मीठ घातलेल्या रसांतही वाढतो. मिठापुढें बहुतेक जंतु हात टेकतात, म्हणून तर आपलीं लोणचीं टिकतात! 1984 सालीं त्याचें कुळच वेगळें मानलें गेलें. याच ‘डी’ गटांतला ‘बोव्हिस’ जंतु पित्ताच्या कसोटीस उतरतो, परंतु मिठांत वाढत नाहीं.

आज मोठ्या प्रयोगशाळांतून प्रथिनांवरून जंतु ओळखणारीं यंत्रें आहेत. पण कसोटी कोणतीही असो, हा भेद रोग्याच्या जिवाशीं निगडित आहे. हृदयाच्या झडपेवर बसलेला बोव्हिस बहुधा एकट्या पेनिसिलीननेंही मरतो. एंटरोकॉकस त्यानें नुसता थोपतो, त्याला जोडीस दुसरें औषध लागतें. आणि सेफॅलोस्पोरिन वर्गाच्या औषधांना एकेकटीं तर तो मुळींच दाद देत नाहीं. उलट रक्तांत बोव्हिस सांपडला, तर कुशल वैद्य झडपेवर उपचार करून थांबत नाहीं. मोठ्या आंतड्यांत कर्करोग दडला आहे काय, हेंही तपासून घेतो.