खोडदची रेडिओ दुर्बीण आणि नॅनोहर्ट्झ गुरुत्वीय लहरींचा वेध

प्रास्ताविक

गुरुत्वीय लहरी म्हटले की अभ्यासकांसमोर प्रथम अमेरिकेतील लायगो ही वेधयंत्रणा उभी राहते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी तिच्या दोन यंत्रांनी दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणातून निघालेल्या लहरींची पहिली थेट नोंद केली. परस्परांशी काटकोनात असलेल्या चार किलोमीटर लांबीच्या दोन बाहूंतून लेसर किरण खेळवून, बाहूंच्या लांबीत पडणारा प्रोटॉनच्या व्यासाहूनही लहान फरक तेथे मोजला जातो. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे अशाच यंत्राच्या उभारणीस केंद्र शासनाने २०२३ मध्ये मंजुरी दिली. तथापि या लहरींचा वेध घेण्याची आणखी एक पद्धती आहे आणि तीत पुणे जिल्ह्यातील जुन्नर-आंबेगाव परिसराचा प्रत्यक्ष वाटा आहे. तिची विद्यापीठीय वर्तुळातही पुरेशी चर्चा झालेली दिसत नाही.

तारे हीच घड्याळे

लायगोला जाणवणारी लहर सेकंदाच्या काही अंशात येऊन जाते. परंतु दीर्घिकांच्या केंद्रस्थानी असलेली, सूर्याच्या कोट्यवधी पट वस्तुमानाची कृष्णविवरे जेव्हा जोडीने परस्परांभोवती फिरतात, तेव्हा त्यांच्या एका प्रदक्षिणेस अनेक वर्षे लागतात. त्यांच्यापासून निघणाऱ्या लहरीची लांबी प्रकाशवर्षांत मोजावी लागते आणि वारंवारता नॅनोहर्ट्झमध्ये. अशा लहरीपुढे चार किलोमीटरचा बाहू नगण्य ठरतो. येथे पृथ्वी आणि दूरचे तारे यांमधील अंतर हाच बाहू मानावा लागतो.

हे तारे म्हणजे मिलिसेकंद स्पंदक. सेकंदाला शेकडो वेळा स्वतःभोवती फिरणाऱ्या या न्यूट्रॉन ताऱ्यांचे रेडिओ स्पंद अत्यंत नियमितपणे पृथ्वीवर पोहोचतात. यांपैकी पहिला, १.५६ मिलिसेकंदांत एक फेरी पूर्ण करणारा स्पंदक १९८२ मध्ये सापडला. त्या शोधकांत कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते. गुरुत्वीय लहर वाटेतील अवकाश ताणते वा आकुंचित करते, त्यामुळे स्पंद अपेक्षित क्षणाच्या किंचित आधी वा नंतर येतो. हा फरक सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या आसपास असतो.

एकाच ताऱ्यावरून मात्र काहीच सिद्ध होत नाही. पृथ्वीवरील घड्याळ चुकले, तर सर्व स्पंदकांत सारखाच फरक दिसेल. गुरुत्वीय लहरींची खूण वेगळी असते. आकाशात परस्परांजवळ असलेल्या स्पंदकांचे फरक जुळतात, काटकोनाच्या आसपास असलेल्यांचे उलट दिशेने जातात आणि समोरासमोर असलेल्यांचे पुन्हा काही प्रमाणात जुळतात. हेलिंग्ज आणि डाउन्स यांनी १९८३ मध्ये मांडलेला हा संबंध या साऱ्या संशोधनाचा कणा होय.

खोडदचे वैशिष्ट्य

नारायणगावजवळ खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जीएमआरटी ही दुर्बीण प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची बनलेली आहे. चौदा तबकड्या मध्यभागी आणि उर्वरित सोळा तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या विस्तारात, द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या शेतांमध्ये उभ्या आहेत. पत्र्याऐवजी तारांची जाळी वापरल्याने त्या हलक्या व स्वस्त झाल्या, आणि वारा आरपार जाऊ लागला. पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ही दुर्बीण चालवते.

जगात याहून मोठ्या दुर्बिणी असताना हिची गरज का भासावी? उत्तर ताऱ्यांमधील विरळ आयनित वायूत आहे. त्यातील इलेक्ट्रॉनांमुळे रेडिओ तरंग रेंगाळतात, आणि वारंवारता जितकी कमी तितके अधिक, वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. जे१७१३+०७४७ या स्पंदकाचा स्पंद १४०० मेगाहर्ट्झला सुमारे ०.०३ सेकंद उशिरा येतो, तर ४०० मेगाहर्ट्झला सुमारे ०.४१ सेकंद. वायू स्थिर नसतो. वाटेतील इलेक्ट्रॉनांचे प्रमाण दीड लाखांत एका भागाने जरी बदलले, तरी १४०० मेगाहर्ट्झवर ०.२ मायक्रोसेकंदाचा फरक पडतो. म्हणजे शोधायच्या संकेताएवढाच! हाच फरक ४०० मेगाहर्ट्झवर बारा पट मोठा दिसतो, म्हणून तेथे तो नेमका मोजून वजा करता येतो. खोडदच्या तबकड्यांचे गट पाडून दोन्ही पट्ट्यांत एकाच वेळी निरीक्षण करता येते, ही सोय मोलाची आहे.

याच स्पंदकाने एप्रिल २०२१ मध्ये संशोधकांना चकवले. त्याच्या स्पंदाचा आकारच अकस्मात बदलला. खोडदच्या निरीक्षणांतही हा बदल स्पष्ट दिसला. सर्वोत्तम मानले गेलेले घड्याळही असे दगा देऊ शकते.

भारतीय व जपानी संशोधकांच्या इंडियन पल्सार टायमिंग ॲरे या गटाने २०२२ मध्ये १४ स्पंदकांची साडेतीन वर्षांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. २९ जून २०२३ रोजी या गटाने युरोपीय गटासमवेत २५ स्पंदकांच्या विश्लेषणातून नॅनोहर्ट्झ लहरींचा पुरावा आढळल्याचे जाहीर केले. त्याच वेळी अमेरिका, ऑस्ट्रेलिया व चीन येथील गटांचे निष्कर्षही आले. ‘पुरावा’ हा शब्द येथे जाणीवपूर्वक योजलेला आहे. युरोपीय-भारतीय निष्कर्षाची सांख्यिकीय विश्वसनीयता सुमारे तीन सिग्मा होती, ‘शोध’ म्हणण्यास पाच लागतात. उगम कृष्णविवरांच्या जोड्यांत असावा हे सर्वाधिक संभाव्य असले, तरी सिद्ध झालेले नाही.

शांततेचे मोल

ही निश्चिती केवळ काळच देऊ शकतो. लहरीचे एक आवर्तन दशकभराचे असेल, तर निरीक्षणेही दशके अखंड हवीत. दरम्यान मोबाइल मनोरे, वीजवाहिन्यांवरील ठिणग्या आणि वाहने यांचा रेडिओ गोंगाट वाढतच आहे. ताऱ्यांचा क्षीण संकेत त्यात सहज बुडतो. परिसरात मोठ्या उद्योगांवर बंधने आहेत. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा नारायणगाव परिसरातून आखलेला मार्गही दुर्बिणीला बाधा पोहोचेल या आक्षेपामुळे अडला, आणि स्थानिकांत नाराजी पसरली. ती अनाठायी म्हणता येणार नाही. शेतमाल जलद बाजारपेठेत पोहोचावा ही अपेक्षा रास्तच आहे. दुसरीकडे, तबकड्या उचलून अन्यत्र नेता येत नाहीत आणि निरीक्षणांच्या मालिकेत पडलेला खंड नंतर भरून काढता येत नाही. या पेचाची उकल शोधताना तांत्रिक उपायांइतकेच, दुर्बीण नेमके काय मोजते हे परिसरातील महाविद्यालयांतून लोकांपर्यंत पोहोचवणेही निकडीचे आहे. कारण ज्यांनी ही शांतता राखायची, त्यांच्याच मुलांना तिचे प्रयोजन अद्याप पाठ्यपुस्तकात सापडत नाही.