कापसाचा भाव आणि ११ टक्के

सिल्लोड, पैठणच्या काळ्या रानातला कापूस बहुतांशी पावसावर येतो. भावाची दोरी मात्र दिल्लीत असते. २०२१ मध्ये केंद्राने कापसावर आयात शुल्क लावलं. अधिभार धरून ते ११ टक्के होतं. १९ ऑगस्ट २०२५ पासून ते माफ झालं आणि ही सवलत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. अमेरिकेच्या तेव्हाच्या ५० टक्के शुल्काने अडचणीत आलेल्या कापड उद्योगाला स्वस्त रुई मिळावी, हा हेतू होता. पण परदेशी गाठी आल्या की देशी कापसाचा भाव दबतो, तोही ऐन वेचणीच्या हंगामात. कापूस परवडेना झाला की पाणी असलेला शेतकरी उसाकडे वळतो आणि भूजलावर ताण येतो. म्हणून शुल्क बदलताना सरकारने वेचणीचा हंगाम पाहावा आणि हमीभावाची खरेदी वेळेत सुरू करावी.